बिलावरचं नाव

पाचवी रात्र. अर्धी गोळी कुटून पाण्यात विरघळवली आणि खोलीतला दिवा मालवला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक उजेडात टिकत नाही, म्हणून औषध रात्रीच द्यायचं. पंपाची घरघर तेवढी ऐकू येतेय. मला झोप नाही, आणि ती टाकीतल्या आजारी ॲनिमोनमुळे, त्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यामुळे, नाही. त्या बिलामुळे.

“पेशंटचं नाव?” मेडिकलवाल्याने मान वर न करता विचारलं आणि मी आईचं नाव सांगितलं. जराही न अडखळता. चिठ्ठी नव्हती, ओळखीवर गोळ्या मिळत होत्या, तेही बरोबर नव्हतंच. पण माझं नाव सांगता आलं असतं. आईचंच का आलं तोंडात? ती आता बरी आहे. औषधाच्या कागदावर तिचं नाव परत मी चढवलं.

आणलं तेव्हापासूनच याचं तोंड उघडं होतं. चांगलं ॲनिमोनही मधूनच आक्रसतं, आतलं पाणी टाकून नवं घेतं, अशी दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली. मग ते दिवसातून दोन-तीनदा रिकाम्या पिशवीसारखं पडायला लागलं. पाय काचेला धरेना. तोंडातून आतला भाग बाहेर आला, तेव्हा मात्र थांबवेना. मोठ्या टाकीत औषध घालायची सोय नाही, अमोनिया पचवणारे दगडांतले जिवाणूच मरायचे. म्हणून ही चाळीस लिटरची वेगळी टाकी, तिच्यात अडीचशे मिलिग्रॅम, आणि रोज सगळं पाणी नवं. सव्वा किलोच्या वर मीठ, घनता १.०२५, तापमान २६ अंश. कालचं पाणी मोरीत ओतवत नाही, दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवते.

आज बादली उचलताना रडू आलं. ऑफिसातून येऊन हे सगळं मी एकटीने करायचं, आणि घरात कुणी साधं विचारतही नाही. मग दादा आठवला. श्रावणात आईपाशी त्याने अशाच रात्री काढल्या, आणि मी फोनवर होते. तो कधी एका शब्दाने बोलला नाही. असो.

‘ग्रॅनी’ नावाच्या त्या ॲनिमोनची हकिकत काल परत वाचली. १८२८ साली जॉन डॅलिएल यांनी स्कॉटलंडच्या नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून ते ॲनिमोन आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. १८५१ मध्ये डॅलिएल गेले. ते मात्र या हातातून त्या हातात जात १८८७ पर्यंत जगलं. एकोणसाठ वर्षं कुणी ना कुणी त्याचं पाणी बदलत होतं. ज्यांनी बदललं, त्यांनाही कधी कंटाळा आला असेल. तरी बदललं.

संध्याकाळी आईचा फोन आला. सांगितलं, टाकीतलं फूल आजारी आहे.

“ओहोटीला खडकावर असतात तसलं? बोट लावलं की मिटतात ती?”

“तसलंच. बरंच मोठं.”

“खातंय का काही?”

“औषध चालू आहे तोवर द्यायचं नाही.”

“मलाही तेव्हा काही जात नव्हतं गो,” ती म्हणाली.

मला पुढे बोलता येईना. नावाचं सांगायचं ठरवून फोन उचलला होता, ते राहिलं. तीच मग पावसाचं, दादाच्या गाडीचं बोलत बसली.

आता इथे अंधारात बसून वाटतंय, पेशंट म्हटल्यावर माझ्या जिभेवर दुसरं नाव येणारच नव्हतं. गेले तीन महिने तो शब्द तिच्याच नावाला चिकटून आहे. मेडिकलवाल्याने विचारलं आणि तेच बाहेर पडलं. त्यात अपशकुन काही नाही. तिचं नाव घेऊन मी कुणाच्या तरी उशाशी बसले आहे, एवढंच. उशिराच बसले. पण बसले आहे.

मघाशी बॅटरीवर रुमाल धरून डोकावले. तोंड पूर्ण मिटलेलं नाही, पण आतला भाग आत गेलाय. पायाची एक कड काचेला लागलेली दिसली. बोटाने हळूच पाणी हलवलं, सुटली नाही.

मोठ्या टाकीत दोन्ही क्लाउनफिश अजून, जिथे हे असायचं, त्याच रिकाम्या कोपऱ्यात झोपतात.

बिल पर्समध्येच आहे, फाडवत नाही. अजून दोन रात्री. उद्याचं मीठ आत्ताच मोजून ठेवते.