सीन नेसून विहारात

साडी नेसता येते म्हणजे काहीही नेसता येईल, हा माझा भ्रम 7 एप्रिलच्या पहाटे उतरला.

बँकॉकच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भावाची उपसंपदा, म्हणजे भिक्षू होण्याचा विधी, होती. तिचं गाव हाट सिआव, सुखोथाई प्रांतात, योम नदीच्या काठी. वस्ती पुआन लोकांची. यांचे पूर्वज 19व्या शतकात लाओसच्या शियेंगख्वांग भागातून इकडे आणले गेले. मी नागपूरची, बौद्ध घरातली. विहार, वंदना, भन्तेजी सगळं पाठ आहे, मला कोण काय शिकवणार, अशा थाटात गेले.

आदल्या संध्याकाळी पोचलो तेव्हा मैत्रिणीची पा, म्हणजे मोठी मावशी, घराखालीच सापडली. घर लाकडी, उंच खांबांवर, आणि खालच्या सावलीत हातमाग. उभ्या धाग्यांत साळिंदराचा काटा घालून ती मोजके धागे उचलत होती आणि रंगीत सूत ओवत होती. वरून बघते तर गाठी आणि लोंबणारे दोरे. मग तिने मला मागाखाली वाकायला लावलं. सुलटी बाजू खाली होती! आईची पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते, त्यामुळे हा प्रकार पचायला वेळ लागला. विणलेल्या या पट्टीचं नाव ‘तीनचोक’. ती नंतर सीनच्या खालच्या काठाला शिवतात.

सीन म्हणजे कमरेला नेसायचं लुंगीसारखं वस्त्र, शिवलेलं नळकांडंच. आत उभं राहायचं, उरलेलं कापड एका बाजूला ओढून दुमडायचं, वर पट्टा. निऱ्या नाहीत. मी सवयीने निऱ्या घालायला गेले आणि पा-ने हातावर चापट मारली. डाव्या खांद्यावरून सबाई, म्हणजे ओढणीसारखी पट्टी, तिरकी टाकून झाल्यावर कळलं की एवढ्याशा घेरात टांग टाकून चालता येत नाही. घराचा जिना मी आडवी होऊन उतरले.

विहारात खरी परीक्षा. पाय एका बाजूला दुमडून बसायचं, तळवे बुद्धमूर्तीकडे करायचे नाहीत. दहा मिनिटांत डावा पाय गेला. मांडी घालावी तर सीन आड येते. जेवणदानाची वेळ आली तेव्हा मी वाडगा घेऊन सरळ भन्तेजींच्या हातात द्यायला निघाले, आमच्या विहारात देते तसा. पा-ने मनगट धरलं. भन्तेजींनी समोर एक कापड पसरलं. बाईने वाटी त्यावर ठेवायची, मग ते उचलणार. दुपारी बाराच्या आत त्यांचं जेवण उरकतं, उरलेलं आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. चिकट भाताचा गोळा चटणीत बुडवून खाताना मला ज्वारीची भाकरी आठवली, का ते सांगता येणार नाही.

मिरवणुकीचं काय सांगू? मैत्रिणीचा भाऊ हत्तीवर, अंगात रंगीबेरंगी कपडे, डोळ्यांवर गॉगल, आणि हा पोरगा उद्या चीवर घालणार! माझा भाऊ श्रामणेर शिबिराला रिक्षाने गेला होता. उपसंपदेआधी मुलाला इथे ‘नाक’ म्हणतात, म्हणजे आपला नाग. कथा अशी की एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्षू झाला होता, ते उघड झालं, तेव्हापासून विचारतात, ‘मनुस्सोसि?’ तू माणूस आहेस ना? उत्तर, ‘आम भन्ते.’

वंदना सुरू झाली. ‘फुत्थंग सरणंग खच्छामि.’ दोन ओळी मी गप्पच होते, हे आपलंच आहे हे ओळखायला तेवढा वेळ गेला. मग मीही सुरू केलं, आजीच्या चालीत. पा माझ्याकडे वळून बघायला लागली.

घरी परतताना तिने पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ ती हसत सुटली आणि मैत्रिणीला काहीतरी म्हणाली. मैत्रिणीने मला सांगितलं, ‘पा म्हणते, हिला उच्चार जमत नाही, पण पाठ आहे.’