बॅफल कुणी काढले

रात्रीचे सव्वाअकरा. तीन वेळा साबण लावूनही हाताचा रॉकेलचा वास जात नाही. झोप उडाली आहे ती त्या वासाने नाही.

जुनी डायरी काढली होती येझदी मोटरसायकलच्या टाकीच्या रंगासाठी. पॉलिश पेपरने घासत गेलो तसा काळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली मरून, आणि सोनेरी रेघेचा जेमतेम बोटभर तुकडा. मूळचा मरून हाच की तोही नंतरचा, कळेना. डायरीत रंगाबद्दल एक अक्षर नाही. पेट्रोलच्या लिटरला 40 मिली ऑइल, एवढाच हिशेब पानोपानी. आणि मध्येच, सायलेन्सरच्या आत आवाज दाबायला बसवलेल्या नळ्यांबद्दल, एक ओळ: ‘दोन्ही बॅफल काढले. आवाज झकास.’

अक्षर माझं.

गेले आठ महिने मी धाकट्या भावाला, विन्याला, शिव्या घालतोय. सायलेन्सर उघडले तेव्हा आत पोकळ. नुसते पाइप. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद झाला, तेव्हा मूळचे बॅफल मिळणार कुठून? चार महिने शोधून एक मिळालं, दुसऱ्याची वाट बघतोय. आणि या आठ महिन्यांत एक दिवस असा गेला नाही की विन्याचा उद्धार झाला नाही. मनातल्या मनात केला असता तर ठीक होतं. सगळे जमले होते तेव्हा चारचौघांत व्याख्यान दिलं. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन ते काय शोभेला नाहीत; टू-स्ट्रोक इंजिनमध्ये धूर बाहेर पडतानाचा अडथळासुद्धा मोजूनमापून ठेवलेला असतो; बॅफल काढलं की आवाज वाढतो आणि कमी वेगातली ओढ जाते. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याच्याकडे मी तीन वर्षं गाडी ठेवून गेलो!

विन्या म्हणाला, "असेल रे दादा."

हे ‘असेल’ आता डोक्यातून जात नाही. ‘नाही’ का म्हणाला नाही? भांडला असता तर बरं झालं असतं. लहानपणापासून हा असाच. माझ्या हातून कंदिलाची काच फुटली होती तेव्हाही... जाऊ दे.

बायको असती तर डायरीतली हीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली असती, दोनदा.

खरं म्हणजे रिटायर झाल्यावर माणसाकडे उरतं काय? फोन वाजत नाही. सही लागत नाही कुणाला. एक गाडी आहे, ती मूळ रूपात आणावी, तेवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं. तर तिची वाट लावणाराही आपणच. बॅटरीच्या खोक्याला पाडलेलं ते भोक? कॉटर पिनच्या जागी गुंडाळलेली तार? आटे गेलेल्या प्रत्येक बोल्टचं बिल मी विन्याच्या नावावर फाडलंय. आता एकाचीही खात्री देता येत नाही. ‘असेल’ तरी कशाला म्हणायचं माणसाने!

शेवटी मघाशी न राहवून फोन केला. कबूल करायचंच असं ठरवून. तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, "विन्या, सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा तो नट आठवतो का? काढताना खूप जोर लागायचा का रे?"

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "मला कसं माहीत असणार? तूच काढला होतास. मी टॉर्च धरून उभा होतो."

मी म्हटलं, "हो."

"आवाज मात्र झकास होता, दादा."

मग बराच वेळ किकवर बोललो. तीच दांडी आत दाबून वर उचलायची की किक, खाली सोडली की गिअर. त्याला ते कधीच जमलं नव्हतं आणि माझ्या गुडघ्याला आता ते जमेल की नाही, शंका आहे. पहिली किक तो मारणार म्हणतो. मारू दे.

दुसरं बॅफल अजून आलेलं नाही. एक दिवस दोन्हींशिवाय चालू करून बघायला हरकत नसावी.