माहिती देणाऱ्याचे नाव

कालपासून जेवण गोड लागत नाही. पंचायतीत भाऊसाहेबांनी लोक जैवविविधता नोंदवही काढून दिली, गावातल्या झाडाझुडपांची आणि त्यांच्या उपयोगाची माहिती लिहितात ती. मोडलेल्या हाडावर आम्ही जिचा लेप लावतो, त्या कांडवेलीचं पान उघडलं, तर 'माहिती देणाऱ्याचे नाव' या रकान्यात भाच्याचं नाव. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढेही तेच. राग आला असता तर बरं झालं असतं. पोटात नुसता खड्डा पडला.

रान त्याला मी दाखवलं. सुरुवातीला कांडवेल हातात धरवत नव्हती त्याला, खाजेनं रडकुंडीला यायचा. आधी तळहाताला तेल चोळायचं, मग चौधारी कांडी पेरावर मोडून ठेचायची, हे त्याला कोणी शिकवलं? माझं नाव घालायला त्याला कितीशी शाई लागली असती?

ताईला हे कसं सांगायचं ते... जाऊ दे.

मी नाव दुरुस्त करा म्हणालो. भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "काका, अर्ज दिलात तर प्रकरण तुमच्यावरच शेकेल. बोगस डॉक्टर म्हणतील." खोटं नाही ते. महाराष्ट्राच्या 1961 च्या वैद्यक व्यवसायींच्या कायद्यात कलम 33 आहे, नोंदणीशिवाय वैद्यकी केली तर तुरुंग. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही, त्यानं चोरीची तक्रारही करायची नाही? मी दाराला डॉक्टरची पाटी लावली नाही, सुई हातात धरली नाही. हाड कातडीबाहेर आलेलं दिसलं की हात न लावता दवाखान्यात पाठवतो. तरी गुन्हेगार मीच, आणि नोंदवहीत जाणकार तो.

रात्री मुलीनं 2002 चा जैवविविधता कायदा वाचून दाखवला. कलम 7 मध्ये वैद्य आणि हकीम हे शब्द आहेत, झाडपाला घेण्याआधी आम्हाला राज्याच्या जैवविविधता मंडळाला कळवावं लागत नाही. उपचाराचा परवाना नव्हे हा, एवढं मला समजतं. पण ही नोंदवही त्याच कायद्यातून आली आहे, आणि त्या कायद्याला माझ्यासारखा माणूस माहीत आहे. मुलीनं हळदीचंही सांगितलं. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेनं 1995 साली दिलेलं पेटंट 1997 साली रद्द झालं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते. जुन्या ग्रंथांत लिहिलेलं होतं म्हणून हळद सुटली. आमच्या घरात कोणी कधी लिहून ठेवलं नाही.

पण नावाहून जास्त सलतंय ते दुसरंच. भाच्यानं लिहिलंय, 'लेप लावून कामट्या घट्ट बांधाव्यात.' संपलं. बोटं गार पडली, निळी दिसली, मुंग्या आल्या की रात्र असो, पाऊस असो, पट्टी आधी सोडायची आणि माणसाला दवाखान्यात न्यायचं, हे कुठे आहे? वडिलांनी मला बांधायच्या आधी सोडायला शिकवलं होतं. ते पान वाचून कोणी पोराचा हात आवळला तर?

आता ठरलं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अर्ज देणार. पहिली मागणी त्या ओळीची, दुसरी नावाची. भाच्याचं नाव खोडा असं लिहिणार नाही, झाडं त्यानंही पाहिली आहेत. त्याच्या वर माझ्या वडिलांचं नाव हवं, मग माझं. मुलगी लिहायला बसली आहे. व्यवसायाच्या जागी काय घालू विचारते. हाडवैद्य लिही म्हटलं. होईल ते होईल.