पद्मिनी, फगवा आणि सेमाडोहची बॅटरी

मुंबई-पुण्याच्या कारक्लबांना मदतनिधीसाठी गाड्या काढायच्या तर रेवस-रेडीचा सागरी मार्ग आहे. अमरावतीकरांनी समुद्र कुठून आणावा? आम्ही होळीनंतरचा रविवार धरला आणि परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह असा घाटरस्ता ठरवला. तेव्हा पळस फुललेला असतो, मोहाची फुलं पडायला लागतात.

गाड्या जमवणं सोपं होतं. द्यायचं काय, यावर बैठक रंगली. निम्म्या लोकांचं म्हणणं, जुने कपडे गोळा करू. मेळघाटात शहरातून जाणारे कपडे बघितले की वाटतं, आपण कपाटं रिकामी करायलाच दान करतो. शेवटी सेमाडोहच्या आश्रमशाळेच्या अधीक्षिकाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दादा, कपडे नका आणू. लाईन गेली की पोरी अंधारात बसतात. इन्व्हर्टरची बॅटरी बसली, तेवढी पाहा." मग गाडीमागे वर्गणी लावली आणि बॅटरी परतवाड्यातच घेतली. उद्या काही झालं तर दुकानदार त्यांच्या जवळचा हवा.

नियम एकच कडक ठेवला: सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची प्रीमियर पद्मिनी. मागे अँबेसेडर, जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप. जंगलात मोबाईलला रेंज नसते, म्हणून थांबे आधीच ठरवले होते.

धामणगाव गढीपर्यंत संत्र्याचे बगीचे आणि वाळलेल्या पऱ्हाट्या. तिथून चढ लागतो. मार्चमध्ये सागाची पानं गळालेली असतात, त्यामुळे वळणावरून दरी थेट तळापर्यंत दिसते. पावसाळ्यात धुकं बघायला गर्दी होते खरी, पण रस्ता बघायचा तर उन्हाळ्याच्या तोंडावरच यावं.

अर्ध्या घाटात पद्मिनी दोन आचके देऊन थांबली. मागे अख्खी रांग. सोबत आणलेले परतवाड्याचे मिस्त्री बॉनेट उघडून म्हणाले, "काई नाई झालं भाऊ, पेट्रोलले वाफ धरली." पहिल्या गियरात रखडताना इंजिन तापतं, त्याला चिकटलेला पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. मिस्त्रींनी खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला. चर्रर्र आवाज झाला. काकांचा चेहरा बघवत नव्हता. जरा वेळाने चावी फिरवली तर गाडी चालू! दुपट्टा मात्र पुढे दिवसभर तिथेच राहिला, मिस्त्री वळणावळणावर त्याला पाणी पाजत होते.

मोथ्याला गवळ्यांकडचा खवा खाल्ला. चिखलदरा १,११८ मीटरवर, हवा छान. पण पॉइंट बघत बसलो असतो तर शाळा राहिली असती. पुढे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. हॉर्न बंद.

सेमाडोहच्या अलीकडे रस्त्यावर आडवा बांबू. ढोल वाजत होता, कोरकू आदिवासी बाया फेर धरून नाचत होत्या. फगवा! होळीनंतर वाटसरूंकडून फगवा घेणं हा इथला रिवाज. मदतनिधीचा बॅनर लावलेली आमची पहिली गाडी काही बोलायच्या आत एक आजी खिडकीत हात घालून उभ्या. काकांनी पन्नास काढले. आजींनी पद्मिनीमागची रांग पाहिली आणि हात तसाच ठेवला. शंभरावर सुटका झाली. मागच्यांनी घासाघीस केली नाही. दोघं-तिघं तर उतरून नाचले.

शाळेत मिस्त्रींनीच बॅटरी जोडली. मेन स्विच पाडून दिवा लावून दाखवला, तर पोरींना त्यापेक्षा पद्मिनीच्या बॉनेटखालच्या ओल्या दुपट्ट्याचं कुतूहल. मिस्त्रींचा तिथेच वर्ग भरला. अधीक्षिकाबाईंनी पुढच्या खेपेची यादीही हातात दिली: हॉकी स्टिक आणि पंख्याचे दोन कंडेन्सर.

हिशेबाच्या वेळी खजिनदार फगव्याची पावती मागत बसले. शेवटी तो खर्च टोलमध्ये घातला.