जिना कुठं उघडतो

परवा पुण्याला मावसभावाकडं गेलतो. स्वारगेटला एसटीतनं उतरलो आणि रिक्षा न शोधता सरळ खाली मेट्रोत शिरलो, सीटवर टेकतोय न टेकतोय तोवर मंडई आली पण. सरकत्या जिन्यानं वर येताना आधी कोथिंबिरीचा वास आला, मग उजेड. लई भारी वाटलं, खरं सांगतो.

दादाचं दुकान तिथनं आतल्या एका गल्लीत, लेस, बटणं, अस्तराचं कापड असलं सगळं. गेल्या गेल्या म्हणलं, दादा आता गिऱ्हाईक वाढलं असंल की. त्यानं काही न बोलता लेसचं एक रीळ काढून दाखवलं. वरचे दोन वेढे करडे पडलेले, आतली लेस पांढरीशुभ्र. "खोदाईतली धूळ ही, धुतली तरी जाईना." पत्रे मारलेले तेव्हा गिऱ्हाईकाला गल्लीचं तोंडच सापडायचं नाही, वहिनी फोनवर वाट सांगत सांगत मेन रोडपर्यंत चालत जायच्या. आता पत्रे गेले, गर्दी आली, पण जिना उघडतो दुसऱ्या अंगाला आणि माणूस वर आला की सरळ तुळशीबागेत जातो. वर घरमालक म्हणतोय स्टेशन जवळ आलंय, भाडं वाढवा.

तेव्हापासनं हेच डोक्यात आहे. बोगद्याचा वरच्या माणसाला त्यामानानं त्रास कमी, टीबीएम म्हणजे बोगदा खणायचं मशीन खालच्या खाली पोखरत पुढं जातं, पुण्यात त्यांना मुळा, मुठा आणि पवना अशी नावं दिलेली. स्टेशनचं तसं नाही. त्याला बहुतेक वेळा जमीन वरनंच उघडावी लागते, जिने, लिफ्ट, हवेच्या वाटा काढायला जागा लागते आणि जुन्या पेठेत जागा म्हणजे कुणाचं तरी घर नाहीतर दुकान. कलकत्त्यात तर बराचसा मार्गच रस्ता वरनं उघडून खणला, 1972 ला पायाभरणी आणि 1984 ला पहिली गाडी, म्हणजे रस्त्याकडंच्या माणसानं केवढी वर्षं काढली बघा. मुंबईत मेट्रो 3 च्या गिरगाव, काळबादेवी स्टेशनांसाठी जुन्या बिल्डिंगी पाडाव्या लागल्या, पण तिथल्या कुटुंबांना त्याच भागात घरं द्यायचं ठरलं. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यानं धूळ खाल्ली त्यालाच गाडी सुरू झाल्यावर तिथं राहता आलं पाहिजे.

आमच्या कोल्हापूरला हे नवीन नाही. 1891 ला मिरजेहून रेल्वे आली आणि चार वर्षांत शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ उभी राहिली. गूळ स्टेशनाच्या दारात, मग अडत्ये आले, हमाल आले, खानावळी आल्या. पण ती मोकळ्या जागेवर नव्यानं वसवलेली पेठ. महाद्वार रोडला मोकळं काय आहे? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी झाली, गाडी लावायला जागा मिळेना झाली की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, इथं खालनं मेट्रो पाहिजे. मी पण म्हणायचो. आता म्हणीन, पण आधी विचारीन की जिना कुठं उघडणार, तिथला भाडेकरू खोदाईच्या वर्षांत खाणार काय, आणि नंतर त्याचं भाडं कोण धरून ठेवणार. पागडीवाल्याचं एक बरं, त्याच्याकडं कागद तरी असतो, अकरा महिन्यांच्या करारावर बसलेल्यानं काय दाखवायचं? नकाशावरची रेघ नंतर बघू.

संध्याकाळी दादाबरोबर पाटीवाल्याकडं गेलो. "अस्तर, लेस, बटणं, मेट्रोच्या जिन्यापासून 212 पावलं" असं रंगवायला दिलंय. पावलं मी मोजलीत, जाताना आणि येताना.