टू-व्हील ड्राइव्ह ट्रक उंच करून फायदा काय?

गणपतीला मंडळाच्या पार्किंगमध्ये माझा ट्रक दिसला की कोणीतरी विचारतंच, मागची दोनच चाकं ओढतात तर एवढा उंच कशाला केलास, सरळ फोर बाय फोर घ्यायचास ना. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. फोर्ड रेंजर पिकअप आहे, 1994 चं मॉडेल, 2.3 लिटरचं चार सिलिंडर इंजिन. आमच्या अ‍ॅरिझोनातल्या कोरड्या हवेत गंज धरत नाही म्हणून चॅसिस अजून ठणठणीत आहे. मला काही डोंगर चढायचे नाहीत, कॅम्पिंगला जाताना कच्च्या रस्त्याचा मधला उंचवटा पोटाला घासू नये एवढंच पाहिजे, आणि त्यासाठी ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) न् पुढच्या डिफरन्शियलचं (ती ताकद डाव्या-उजव्या चाकाला देणारा गिअरचा गोळा) ओझं कशाला वागवायचं?

आता उंच कसा केला ते. 1997 पर्यंतच्या टू-व्हील रेंजरला पुढे ट्विन आय-बीम असतो, म्हणजे प्रत्येक चाकाचा बीम पोटाखालून आडवा जाऊन पलीकडच्या बाजूला फ्रेमला बिजागरीसारखा अडकवलेला. नुसती उंच कॉइल, म्हणजे गोल स्प्रिंग, टाकली तर चाकं वरून बाहेर कलतात, समोरून बघितलं तर व्ही दिसतो, आणि टायर बाहेरच्या कडेने खलास. म्हणून बीम जिथे अडकतो तिथे ड्रॉप ब्रॅकेट, म्हणजे खाली लांबवलेली पट्टी, लावून तो पॉइंटच खाली आणायचा, बीमला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या रेडियस आर्मचंही तसंच, नाहीतर कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग भरकटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सेट करणं, ती चुकवायची नाहीच.

मागे मात्र ओळखीचं प्रकरण, पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. गावाकडे जास्त माल भरायला पिकअपला एक पाटा वाढवतात ना, तोच प्रकार, फक्त रिकामा ट्रक मग जरा उडतो. पाट्याखाली ब्लॉक घातला तर तसं कडक होत नाही पण जोरात क्लच सोडला की पाटे पीळ खातात, म्हणून मी पाटाच घेतला. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात, आणि थोडं चालवून झालं की परत आवळा.

आता खरी गोची. मागच्या डिफरन्शियलचा गोळा सगळ्यात खाली लोंबतो आणि तो या सगळ्या लिफ्टने केसभरही वर जात नाही! तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, 26 इंचाचा काढून 29 चा टाकला तर दीड इंच. त्यात मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर ताशी 60 मैल दाखवतो तेव्हा तुम्ही 67 ने जात असता, आणि या इंजिनाला मुळात दम कमी, चढाला पाचवा गिअर विसरा.

ओढ मात्र दोनच चाकांची राहते, त्यामुळे वाळूत टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवतो आणि कोरडी नदी लांबलचक दिसली तर सरळ वळतो. तुम्ही करणार असाल तर आधी टायर बघा, मग पाटे, पुढचं काम शेवटी. आणि हेडलाइट परत खाली सेट करून घ्या, नाहीतर समोरचे शिव्या घालतात.