पोर्ट तुटलेली हार्ड डिस्क: मूळ बोर्ड जपा, डेटा निघतो

लगीनसराईत फोटो स्टुडिओतून अशा डिस्क हमखास येतात. लॅपटॉपला लटकलेल्या डिस्कच्या केबलला कुणाचा तरी पाय अडकतो आणि रुंद चपटा मायक्रो-बी पोर्ट डिस्कच्या सर्किट बोर्डावरून उखडतो. आतल्या प्लेटांना (डेटा साठवणाऱ्या चकत्यांना) धक्का लागला नसेल तर डेटा जागेवरच असतो. तो जातो नंतरच्या घाईत.

केबल दाबून धरली की चालते, म्हणून तसंच कॉपी करायला बसू नका. हात हलला की वीज तुटते, फिरत्या प्लेटवरून हेड (डेटा वाचणारे भाग) तातडीने बाजूला पार्क होतात, मोटर पुन्हा सुरू होते. हे वारंवार झालं तर चांगली डिस्कही खराब होते.

आधी केबल बदलून पाहा. मग पोर्ट नीट बघा. त्यात १० पिना असतात: मोठ्या भागात यूएसबी २ च्या ५, छोट्या भागात यूएसबी ३ च्या ५. मोठा भाग शाबूत असेल तर त्यात जुन्या मोबाईलची साधी मायक्रो-यूएसबी डेटा केबल बसते आणि डिस्क चालते. केबल आखूड घ्या, लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. डिस्क सुरू होताना जास्त करंट ओढते, म्हणून अडॅप्टरवाला यूएसबी हब वापरा.

तेही जमलं नाही तर केस उघडा. आत साटा जोडणीची नेहमीची डिस्क आणि वेगळा छोटा बोर्ड असेल, तर बहुतेक वेळा डिस्क काढून साटा-यूएसबी केबलला लावली की काम झालं. पण बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्या बोर्डावरच असतो. डब्ल्यूडीच्या अनेक माय पासपोर्ट मॉडेलमध्ये तर पासवर्ड ठेवलेला नसला तरी बोर्डावरची चिप डेटा एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवते. तसाच दिसणारा दुसरा बोर्ड आणून बसवला तरी चालत नाही, कारण त्या डिस्कची स्वतःची कॅलिब्रेशनची (बारीक जुळणीची) माहिती सहसा मूळ बोर्डावरच्या ८ पायांच्या रॉम चिपमध्ये असते. म्हणून जुना बोर्ड फेकू नका, दुरुस्ती त्याच्यावरच करायची.

हे काम लातूर, नांदेड, परभणीत मोबाईलवाल्याकडेही होतं, फक्त हात बसलेला हवा. बोर्ड स्टार स्क्रूने बसवलेला असतो, तो सोडवून वेगळा करायला सांगा, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या हॉट एअरची उष्णता डिस्कला लागत नाही. चकतीचं झाकण मात्र उघडायचं नाही. नवा पोर्ट बसवता आला तर उत्तम. पॅड (पोर्ट सोल्डर होतो त्या जागा) उखडले असतील तर यूएसबी केबलच्या चारच तारा जंपर म्हणून थेट बोर्डाला जोडल्या की पुरतात: लाल ५ व्होल्ट, पांढरी डी मायनस आणि हिरवी डी प्लस (या दोन डेटाच्या), काळी ग्राउंड. पांढरी-हिरवी आखूड आणि सारख्या लांबीच्या ठेवा. काही स्वस्त केबलमध्ये रंग उलटसुलट असतात, त्यामुळे प्रत्येक तार मल्टीमीटरने बीप करून तपासा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजला तर वीज देऊ नका, शॉर्ट आहे. जंपरवर यूव्ही मास्क (यूव्ही प्रकाशात घट्ट होणारा लेप) लावून केबल बोर्डाला पक्की चिकटवा, नाहीतर पहिल्याच ओढीत पॅड पुन्हा निघतात.

डिस्कची लाइट लागते पण संगणकात डिस्क दिसत नाही, तर बहुधा डेटाच्या तारांत गडबड आहे. ‘फॉरमॅट करायचं का’ किंवा ‘इनिशियलाइझ’ असं विंडोजने विचारलं तर रद्द करा.

यूएसबी २ वर वेग सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतो, म्हणजे भरलेल्या १ टीबीला साडेआठ-नऊ तास धरा. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा संगणक आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, स्लीप मोड बंद ठेवा. सगळ्यात गरजेचं फोल्डर आधी उचला. डिस्क वाचताना मध्येच अडत असेल तर कॉपी-पेस्टच्या फंदात न पडता लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढा. मॅप फाइल (कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद) ठेवली की थांबलेलं काम तिथूनच पुढे जातं.

टक-टक आवाज आला तर लगेच बंद. तो बहुधा हेडचा बिघाड, जंपरने सुटत नाही. डिस्क पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबला पाठवताना मूळ बोर्ड सोबत द्या आणि त्यावर आधी काय काय केलं ते लिहून द्या.